अर्जात नसलेली अट

नर्सिंगच्या शाळेचा अर्ज पिवळट कागदावर छापलेला होता आणि त्याच्या पाठीमागे अटी होत्या. उमेदवार अविवाहित किंवा विधवा असावी. मॅट्रिक पास असावी. वय पंचविशीच्या आत असावं. शाळा सोडल्याचा दाखला, चारित्र्याचा दाखला, प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला जोडावा. इंग्रजी लिहिता-वाचता यावं. मी तो अर्ज पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तिसावं लागलं होतं. वयाची अट वाचली आणि कागदाची घडी घालून पिशवीत कोंबला. संध्याकाळी घरी भाजी निवडताना राहवलं नाही म्हणून परत काढला, तेव्हा तळाशी बारीक अक्षरांतली एक ओळ दिसली. दवाखान्यात रुग्णसेवेचा पाच वर्षांचा अनुभव असेल तर वयात सूट मिळेल, मात्र तसं डॉक्टरांनी लेखी दिलं पाहिजे.

माझ्याकडे पाच नाही, नऊ वर्षं होती. मी भाजी तशीच टाकून आईला ती ओळ दोनदा वाचून दाखवली. आई म्हणाली, "आधी मेथी निवड."

आमचं घर निर्मळला. केळीची बाग, थोडी फुलं, आणि बावखलाच्या, म्हणजे बागेतल्या लहान तळ्याच्या, पाण्यावर जगणारी भाजी. माझी दोन लग्नं ठरून मोडली होती. पहिलं मुलाकडच्यांनी मोडलं, दुसरं मी. त्यानंतर कोणी विचारायला आलं नाही आणि मीही कोणाच्या वाटेकडे डोळे लावून बसले नाही. अविवाहित असण्याची अट माझ्याइतकी चोख कोणी पाळली नसेल, असं मी घरात म्हणायचे. आईला ते आवडायचं नाही. मॅट्रिक मी दुसऱ्या खेपेला पास झाले होते. गणितानं पहिल्यांदा दगा दिला होता.

विरारला स्टेशनजवळ एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे मी केसपेपर लिहायला लागले. पेशंटचं नाव, वय, गाव, तक्रार, एवढंच काम. मग कंपाउंडर सोडून गेला तेव्हा मिक्श्चरच्या बाटल्या भरायला शिकले. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कातरून चिकटवायला शिकले. मग स्टोव्हवर सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळायला शिकले, मग जखमा बांधायला. आणि एके दिवशी डॉक्टर आत कोणाचं गळू कापत असताना त्यांनी आतूनच सांगितलं, "बाहेरच्या म्हाताऱ्याला सुई देऊन टाक." मी दिली. म्हाताऱ्याला कळलंसुद्धा नाही. "डॉक्टरपेक्षा हिचा हात हलका," असं तो बाहेर जाऊन सांगत सुटला आणि मी दिवसभर हवेत होते.

तेव्हापासून डॉक्टर मला पेशंटांसमोर 'सिस्टर' म्हणायला लागले. पेशंट शिस्टरबाय म्हणायचे. मला ते फार गोड वाटायचं. एकदा मात्र लसीकरणाला आलेल्या एका सरकारी नर्सनं विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलची तू?" मी म्हटलं, इथलीच. ती म्हणाली, "तसं नाही, शिकलीस कुठे?" मी केसपेपरांचा गठ्ठा सारखा करायला लागले. ती वाईट बाई नव्हती, तिनं विषय बदलला. पण ते मला इतकं लागलं की तो पिवळट अर्ज मी त्यानंतर महिन्याभरातच मिळवला.

अर्जापुढची गोष्ट सांगायची तर आधी चांदीपचं सांगितलं पाहिजे.

डॉक्टर दर मंगळवारी पूर्वेकडच्या खेड्यांत जायचे. चांदीपला एका घराच्या ओट्यावर बसायचे, आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं यायची. मी बरोबर पेटी घेऊन असायचे. पुढे दवाखान्यात गर्दी वाढली आणि डॉक्टर महिन्यातून एकदाच यायला लागले. बाकीच्या मंगळवारी आणि शुक्रवारी मी एकटी एस.टी.नं जायचे. ज्यांचा सुयांचा कोर्स चालू आहे त्यांना सुया द्यायच्या, जखमा बघायच्या, आणि परत येऊन डॉक्टरांना सांगायचं.

या 'सांगायचं'मध्ये सगळं आलं. एका दिवसात चाळीस माणसं चाळीस तक्रारी सांगतात. पोटात वारा धरतो, हातपाय मोडून येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, सून नीट बोलत नाही. एवढं सगळं डॉक्टरांना सांगितलं तर ते वैतागायचे. म्हणून मी गाळून सांगायला लागले. कोणती तक्रार खरी, कोणती नुसती रडगाणी, ते मला ऐकल्याबरोबर कळतं अशी माझी समजूत होती. डॉक्टर म्हणायचे, "तू आहेस म्हणून माझं डोकं शाबूत आहे." त्याचा मला गर्व होता. आज त्या गर्वाची शिसारी येते.

चांदीपला एक तरुण बाई होती, बावीस-तेवीस वर्षांची. पदरात चार महिन्यांची मुलगी. नवरा भातशेती करायचा. तिला टी.बी. झाला होता. छातीचा फोटो काढून आणला तेव्हा डॉक्टरांनी तो उजेडात धरून मला दाखवला, छातीत उजव्या बाजूला पांढरं पसरलं होतं. गोळ्या आणि आठवड्यातून दोनदा स्ट्रेप्टोमायसिनची सुई, असं वर्षभर चालवायचं ठरलं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला सुई द्यायचे.

तिच्याइतकी शहाणी पेशंट मी पाहिली नाही. मी येण्याआधी अंघोळ करून ओट्यावर बसलेली असायची. सुईला कुरकुर नाही, गोळ्यांना कंटाळा नाही. लेकीला अंगावर पाजायचं की नाही, खोकताना तोंडाला फडकं कसं धरायचं, सगळं विचारून तसंच करायची. तीन महिन्यांत तिचा ताप गेला, पाच महिन्यांत गालांवर मांस आलं. मला बघितलं की दुरूनच हसायची. मी तिच्यासाठी निर्मळहून कधी केळी, कधी शेवग्याच्या शेंगा न्यायचे.

पावसाळा सरताना एका शुक्रवारी ती म्हणाली, "बाय, कानात रातकिडं वरडतात. दिवसापन वरडतात."

मी सुई उकळत्या पाण्यातून काढत होते. मी म्हटलं, "अशक्तपणा आहे. गूळ-शेंगदाणे खात जा."

"खाते," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला ती ओट्यावरून उठताना भिंत धरून उठली. मी चेष्टा केली, "काय गं, सासूनं काम सांगितलं की चक्कर येते वाटतं?" सासू दारातच होती, तीपण हसली. सूनही हसली. भिंत मात्र तिनं सोडली नाही. त्या महिन्यात डॉक्टर आले तेव्हा त्यांनी तिची छाती ऐकली, वजन केलं आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास." मी रातकिड्यांचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते मला वाटलंच नाही. माझ्या गाळणीत ते वरच राहिलं.

नंतर तिनंही सांगायचं सोडलं. मीच तसं शिकवलं होतं तिला.

हिवाळ्यात एका मंगळवारी मी पोचले तेव्हा ती अंगणात पाठमोरी बसून तांदूळ पाखडत होती. आत झोळीत मुलगी रडत होती. साधं रडणं नाही, टाहो फोडून. आणि ही आपली सुपावर वाकलेली. मी हाक मारली, पुन्हा मारली. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली, माझं तोंड बघून हसली आणि म्हणाली, "कवा आलीस?" तिचा आवाज नको इतका मोठा होता.

कान गेले होते. एकदम नाही, थोडेथोडे करून गेले होते, आणि आठवड्यातून दोनदा तिच्या समोर बसून मला ते कळलं नव्हतं. मी डॉक्टरांना सांगितलं. कोर्स बहुतेक उरकलाच होता. ते म्हणाले, आता सुया बंद, नुसत्या गोळ्या. त्या द्यायला मी मंगळवारी तिच्याकडे जातच राहिले. कान का गेले ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चांदीपला सासूनं सगळ्यांना सांगून टाकलं की रोग कानावाटे निघून गेला. लोकांना ते पटलं. खरं तर मलाही पटलं. माणूस जगलं हे काय कमी आहे, असं मी आईजवळ म्हटल्याचं मला आठवतं.

त्यानंतर वर्षभरानं तो अर्ज आला.

मुंबईतल्या एका मिशन हॉस्पिटलची ती शाळा होती. मी दाखले गोळा करायला लागले. शाळेनं दाखला दिला. चारित्र्याचा दाखला आमच्या चर्चच्या फादरांनी दिला, वर "उशिरा का होईना, सुबुद्धी झाली" असंही म्हणाले. राहता राहिलं अनुभवाचं पत्र. डॉक्टरांकडे मागायला मला लाज वाटत होती, कारण मी गेले तर त्यांचा उजवा हात जाणार हे दोघांनाही माहीत होतं. पण त्यांनी हो म्हटलं. चार दिवसांनी इंग्रजीत टाइप केलेलं पत्र पाकिटात घालून, डिंकानं बंद करून दिलं. "मुलाखतीला हेच दे," म्हणाले. पाकीट फोडून बघावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आपलं कौतुक आपणच चोरून वाचायचं, छे.

मुलाखत मंगळवारी होती. चांदीपची फेरी त्या आठवड्यापुरती चुकली.

टेबलापलीकडे मेट्रन बसली होती. साठीची असेल, पांढऱ्या कडक साडीत, चश्मा नाकावर उतरलेला. तिनं सगळे दाखले पाहिले, वय पाहिलं, मान हलवली आणि डॉक्टरांचं पाकीट फोडलं. वाचून झाल्यावर चश्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली.

"यात लिहिलंय तू केसपेपर लिहितेस, बाटल्या धुतेस आणि दवाखाना झाडतेस."

मला वाटलं, दुसऱ्याच कोणाचं पत्र चुकून माझ्या पाकिटात आलं.

"रुग्णसेवा यात काहीच नाही," ती म्हणाली. "मग तुला वयात सूट कशाची देऊ?"

नऊ वर्षं एका ओळीत झाडून टाकली होती. रडू येत होतं आणि रागही. मी माझे हात टेबलाखाली घेतले. मेट्रननं ते पाहिलं असावं. ती उठली, कपाटातून एक ट्रे आणला. त्यात सिरिंज होती, सुया होत्या, पावडरीची एक बाटली, पाण्याची एक, आणि एक मोसंबं. "दे," ती म्हणाली. "मोसंब्याला दे."

मी दिली. बाटलीचं रबर पुसलं, पाणी भरलं, पावडर विरघळवली, हवा काढली, मोसंब्याला टोचलं. हात आपोआप चालले. मेट्रन एवढंच म्हणाली, "झाडणाऱ्या बाईचा हात असा चालत नाही. डॉक्टर घाबरलेत. न शिकलेल्या बाईला सुया द्यायला लावल्या हे लिहून द्यायला कोणीही घाबरेल." मला इतकं हायसं वाटलं की मी हसले.

मग ती विचारत गेली. कुठल्या कुठल्या सुया दिल्यास? मी सांगितलं. धनुर्वाताची कशी देतात? सांगितलं. पेनिसिलिनच्या आधी काय करायचं? सांगितलं.

"स्ट्रेप्टोमायसिन चालू असलेल्या पेशंटला दर खेपेला काय विचारायचं?"

"खोकला, ताप, भूक. सुई दिली तिथे गाठ आहे का."

"आणि?"

"वजन."

"आणि?"

"आणखी काही नाही."

"कान," मेट्रन म्हणाली. ती हे वर्गात सांगावं तसं, सहज सांगत होती. "कानात आवाज येतो का, चालताना तोल जातो का. पेशंट तसं म्हणाला की सुई तिथेच थांबवायची आणि डॉक्टरांना गाठायचं. नाहीतर हे औषध कान घेऊन जातं. गेलेला कान परत येत नाही."

माझ्या तोंडून "रातकिडे" एवढाच शब्द निघाला.

मेट्रननं चश्मा काढला. "कोण?" तिनं विचारलं.

"चांदीपची एक बाई आहे."

"तिनं तुला सांगितलं होतं?"

"हो."

"तू डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग तिला काय म्हणालीस?"

"गूळ-शेंगदाणे खा म्हटलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातला चश्मा टेबलावर ठेवला. मला आठवत होतं की चांदीपची ती बाई भिंत धरून उभी राहिली होती आणि मी चेष्टा केली होती. त्यानंतरही मी किती सुया दिल्या, प्रत्येक वेळी स्पिरिटनं जागा पुसून, हलक्या हातानं. सुई द्यायला मला येत होतं. सुईत काय आहे ते मला माहीत नव्हतं.

मेट्रन म्हणाली, "शनिवारच्या आत डॉक्टरांकडून खरं पत्र आण. तुला मी घेईन. आणि त्या बाईला जाऊन सांग."

"सांगून काय होणार?" मी जवळजवळ भांडायलाच उठले. "तिचे कान येणार आहेत?"

"नाहीत येणार. पण ते न सांगता तू इथे आलेली मला चालणार नाही."

छापील अटींत हे कुठेच नव्हतं. मी मान डोलावली आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद व्हायच्या वेळी मी डॉक्टरांसमोर ते पत्र ठेवलं. मला वाटलं होतं मी फार बोलेन. नऊ वर्षांची झाडूवाली काय काय बोलू शकते ते रात्रभर मनात जुळवून ठेवलं होतं. पण तोंडातून आलं ते दुसरंच. "चांदीपच्या बाईनं मला कानातल्या आवाजाचं सांगितलं होतं. मी तुम्हाला नाही सांगितलं."

डॉक्टरांनी हात पुसायचा टॉवेल खाली ठेवला.

"कधी?"

"पावसाळा सरताना. कान जायच्या कितीतरी आधी."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं आता रागावतील, सगळा दोष माझ्यावर ढकलतील, आणि मनातून मी त्यालाही तयार होते. ते म्हणाले, "मीपण दर महिन्याला तिची छाती ऐकत होतो. कानाचं मी एकदाही विचारलं नाही. मला तर माहीत होतं." मग त्यांनी टाइपरायटरही मागवला नाही. लेटरपॅड ओढलं आणि हातानं लिहिलं की ही नऊ वर्षं माझ्या दवाखान्यात सुया देते, जखमा बांधते, बाळंतपणात हाताखाली असते, आणि खेड्यांतल्या पेशंटांना हिनं माझ्या सांगण्यावरून एकटीनं सुया दिल्या आहेत. त्याखाली सही केली, शिक्का मारला. पाकीट या वेळी उघडंच दिलं. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

"आता चांदीपला कोण जाणार?" एवढंच त्यांनी विचारलं.

गुरुवारी मी ते पत्र मुंबईला नेऊन दिलं. कचेरीतल्या माणसानं चिठ्ठी दिली, येत्या मंगळवारी सकाळी दहाला अंथरूण-पांघरूण घेऊन हजर व्हावं. येताना चर्चमध्ये जाऊन फादरांपुढे पाप सांगितलं. ते सोपं गेलं. मध्ये जाळी असते, आणि फादर चांदीपचे नसतात. घरी आईला चिठ्ठी दाखवली तर ती नेहमीसारखी "आधी हे कर, ते कर" म्हणाली नाही, गप्पपणे ट्रंक उतरवून पुसायला लागली. तिला मी कानाचं सांगितलं. ती म्हणाली, "ती बिचारी तुला देवासारखी मानते. तिच्या मनाला कशाला घोर लावतेस?" मी म्हटलं, "सांगायलाच पाहिजे." आई म्हणाली, "तिला ऐकू येत नाही, तू सांगणार कशी?" इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

शुक्रवारी मी चांदीपला गेले. बाकीचे पेशंट आधी उरकले आणि तिच्या घरी सगळ्यात शेवटी गेले. नवरा आणि सासू शेतावर होती. ती पडवीत एकटीच भाजी चिरत होती. आत झोळीत मुलगी निजली होती आणि झोळीला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक हिच्या पायाच्या घोट्याला बांधलेलं होतं. पोर हललं की दोरी ओढायची, की ही उठायची. कोणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच शोधून काढलं होतं. मी त्या दोरीकडे बघत उभी राहिले.

तिनं वर बघितलं आणि तोंडभर हसली. "मंगलवारी का नाय आली? मी वाट बगत व्हते!" पूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. मोठ्यानं, सगळं, एकही शब्द न गाळता. तुझे कान रोगानं नाही गेले, माझ्या सुईनं गेले. तू मला सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. तू भिंत धरलीस तेव्हा मी तुला हसले. बोलता बोलता मी रडायला लागले. ती माझ्या ओठांकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून, शाळेतली मुलगी फळ्याकडे बघते तशी. मग हात पुसून तिनं माझे डोळे पुसले आणि विचारलं, "घरी कोन आजारी हाय का?"

मी नकारार्थी मान हलवली. मग खुणा करून बघितल्या. पेटी उघडून सिरिंज काढली, तिला दाखवली. तिच्या कमरेकडे बोट केलं. मग तिच्या कानाला हात लावला, या कानाला, त्या कानाला. मग दोन्ही हात पसरून दाखवलं, गेलं, सगळं गेलं. पुन्हा सुई, पुन्हा कान, पुन्हा गेलं.

ती बघत राहिली. आणि मग तिला कळलं.

तिचा चेहरा असा उजळला की मी आजही डोळे मिटले तरी तो दिसतो. तिनं माझा हात धरला. "कानाची सुई?" ती म्हणाली. "कानाची नवी सुई निगाली? हे वाजनं-बिजनं सगलं जाइल?" माझ्या उत्तराची वाटसुद्धा न बघता ती वळली, घोट्याची दोरी न सोडता गुडघ्यांवर झाली आणि कमरेवरची साडी सैल करून जागा पुढे केली. इतक्या महिन्यांची सवय तिची. मान वळवून माझ्याकडे बघत थांबली. "दे," म्हणाली.

माझ्या पेटीत पाण्याची बाटली होती. नुसतं पाणी टोचलं असतं तरी त्या दिवसापुरतं तिचं समाधान झालं असतं. तो विचार माझ्या मनात आला, हे मी लपवणार नाही. मी तसं केलं नाही. पण दुसरंही काही करता आलं नाही. मी तिची साडी सारखी केली, तिला वळवून बसवलं आणि रिकामे हात दाखवले.

"नाय आनली?" तिचा चेहरा जरा उतरला, पण लगेच सावरला. मला वाईट वाटू नये म्हणून सावरला. "बरं. पुडल्या मंगलवारी आन मग."

मी होकारार्थी मान हलवली.

ती मला सोडायला अंगणापर्यंत आली. दोरी तिथपर्यंतच पुरत होती.

मंगळवारी दहाच्या आधीच मी ट्रंक आणि वळकटी घेऊन मेट्रनच्या टेबलापुढे उभी होते. रांगेतल्या बाकीच्या मुली माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होत्या आणि घरच्या आठवणीनं मुसमुसत होत्या. मेट्रननं माझा एकेक कागद तपासून बाजूला ठेवला. शाळेचा दाखला, फादरांचा दाखला, तब्येतीचा दाखला, डॉक्टरांचं हातानं लिहिलेलं पत्र. मग पेन हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"त्या बाईला सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली आणि रजिस्टरात माझं नाव लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजत होते. विरारहून सुटणारी एस.टी. त्या वेळेला चांदीपला पोचते आणि ती बाई ओट्यावर अंघोळ करून बसलेली असते.